अठ्ठावीस जणी

दुर्दानेला आम्ही कापुताशच्या किनाऱ्यावर विसरून पुढे निघून गेलो, तेव्हा बसमध्ये मोजून अठ्ठावीस जणी होत्या. यादीतही अठ्ठावीसच नावं होती. म्हणून तर कोणाला काही खटकलं नाही.

मी तिच्या पुढच्याच सीटवर बसले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको.

सहल काढली होती नेरिमानबाईंनी. आमच्या एल्माली गावच्या मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर शिकवायला मुली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी आमची गल्ली हाती घेतली. दर वसंतात एक बस ठरवायची, घराघरात जाऊन नावं लिहून घ्यायची, कोणी चीज भरलेले बोरेक आणायचे, कोणी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, कोणी लोणची, हे वाटून द्यायचं आणि सकाळी सहाच्या ठोक्याला मशिदीसमोर सगळ्यांना उभं करायचं. त्या वर्षी बेत होता समुद्राचा. फिनिकेला उतरायचं, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं देम्रे, काश, कापुताश करत काल्कानला मासे खायचे आणि वरच्या डोंगराच्या रस्त्यानं संध्याकाळपर्यंत घरी.

दुर्दाने आमच्यात नवीन होती. म्हणजे राहायला जन्मापासून आमच्याच गल्लीत, पण सहलीला नवीन. सफरचंदांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिनं एकतीस वर्षं फळं निवडली. लहान इकडं, मोठी तिकडं, डागी खाली. त्या गारठ्यानं तिची बोटं सांध्यांपाशी सुजून कायमची वाकडी झाली होती. लग्न केलं नाही. शेवटची नऊ वर्षं आई अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं हिनंच केलं. फेब्रुवारीत म्हातारी गेली. आम्ही सगळ्या रिवाजाप्रमाणे शिऱ्याची ताटं घेऊन भेटायला गेलो, तेव्हा नेरिमानबाई तिचा हात धरून म्हणाल्या, "दुर्दाने, तू तुझं कर्तव्य केलंस. आता मोकळी झालीस बघ. आता तरी आमच्याबरोबर चल कुठे कुठे."

"येईन," दुर्दाने म्हणाली.

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण मे महिन्यात यादी दारावर आली, तेव्हा तिनं खरंच नाव दिलं. यादीत शेवटचं.

बसमध्ये जोड्या आधीच ठरलेल्या असतात. कोणी ठरवत नाही, पण ठरलेल्या असतात. बहीण बहिणीपाशी, विहीण विहिणीपाशी, आणि ज्यांचं भांडण झालंय त्या एकमेकींपासून चार सीट लांब. मी दरवर्षी माझ्या जावेबरोबर बसते. दुर्दाने चढली तेव्हा मागची एक जोडसीट तेवढी उरली होती, आणि तिच्यातल्या एका जागेवर शाबाननं, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनं, चहाचा पितळी बंब दोरीनं करकचून बांधून ठेवला होता.

"दुर्दानेताई, तुमच्या शेजाऱ्यावर लक्ष ठेवा हं," शाबान आरशातून ओरडला. "वळणावर अंगावर येतो तो."

"आला तर बघून घेईन," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. तीही हसली. सकाळच्या थंडीत ती जाड राखाडी कोट घालून आली होती. फिनिकेला उतरेपर्यंत उकडायला लागलं, तेव्हा तिनं तो काढून खिडकीजवळच्या खुंटीला टांगला.

फिनिकेपर्यंत गाणी झाली, टाळ्या झाल्या. कोलोनची बाटली हातोहात फिरली आणि बसभर लिंबाचा वास सुटला. माझी जाऊ दोन सीटच्या मधल्या वाटेत नाचली आणि एका वळणावर दाणकन खाली बसली. देम्रेला आम्ही जुनं चर्च बघितलं, खरं तर चर्चच्या बाहेरची दुकानंच जास्त बघितली. फिनिके ते देम्रे रस्ता समुद्राला धरून चालतो. डावीकडे पाणी, उजवीकडे उघडा कातळ, आणि मधे बस जेमतेम मावेल एवढी जागा. मी खिडकीकडे बसले नव्हते, माझ्या वाट्याला जावेचं नाक आणि त्याच्यामागे थोडा समुद्र आला.

दुर्दाने मात्र सबंध वेळ बाहेर बघत होती. एकदा मी मागे वळून सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया पुढे केल्या, तर तिनं चार बिया घेतल्या आणि म्हणाली, "शुक्रान, हा समुद्र सारखा रंग बदलतोय. तू बघितलंस?"

"बदलतो तो," मी म्हणाले. आणि पुन्हा जावेकडे वळले. तेव्हा माझ्या सुनेच्या माहेरच्यांचा विषय रंगात आला होता.

काशला तासभर थांबलो. तिथे नेरिमानबाईंची भाची सेविलाय एका हॉटेलात कामाला आहे. तिला दोन दिवसांची सुट्टी होती आणि एल्मालीला आईकडे यायचं होतं. मावशीची बस अनायासे आहे म्हटल्यावर ती पिशवी घेऊन चढली. "मी पायरीवर बसेन, मावशी, मला जागा नको," म्हणत तिनं सगळ्यांचे गाल चुंबले. पोरगी गोड आहे. तिचा काही दोष नाही.

कापुताशला बस उभी करायला जागाच नाही. वळणावर रस्ता रुंद होतो तेवढ्यात गाड्या एकीला एक चिकटून उभ्या, आणि खाली, दोन कड्यांच्या मधे, पावणेदोनशे पायऱ्या उतरून गेलं की पांढऱ्या गोट्यांची पुळण. नेरिमानबाईंनी घड्याळावर बोट ठेवलं. "वीस मिनिटं. एकविसाव्या मिनिटाला बस निघणार. ज्यांचे गुडघे धड नाहीत त्यांनी वरूनच बघा."

धड गुडघे कोणाचेच नव्हते. बहुतेक जणी कठड्यापाशी उभ्या राहून फोटो काढत होत्या. पाच-सहा जणी अर्ध्यापर्यंत उतरल्या आणि धापा टाकत परत आल्या. दुर्दाने खाली गेली. खाली जाताना तिला मी पाहिलं, एवढं मला आठवतं. एका हातानं कठडा धरून ती एकेक पायरी तिरकी उतरत होती.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं. एका दमात नाही. थोडं त्याच दिवशी, थोडं कधी बाजारात, कधी दवाखान्यातल्या बाकावर.

खाली गेल्यावर तिनं बूट-मोजे काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. समुद्राचं पाणी कोमट असेल असं तिला वाटलं होतं, पण तिथे एका बाजूला ते बर्फासारखं होतं. पलीकडच्या कड्याखाली गोट्यांमधून गोड पाण्याचा झरा फुटून समुद्रात मिसळतो. एका बाईनं तिला तो दाखवला. दुर्दाने कड्यामागे गेली, वाकली आणि पाण्यात हात घातला. एकतीस वर्षं ज्या गारठ्यानं बोटं वाकवली, तोच गारठा, पण इथे तो बरा वाटत होता, म्हणाली. किती वेळ हात घालून बसली ते तिला कळलं नाही. वरून हॉर्न ऐकू आला. पण त्या वळणावर प्रत्येक गाडी हॉर्न वाजवते.

वर काय झालं ते मला माहीत आहे. आमच्या मागे दोन मोठ्या बसा येऊन अडकल्या. रस्त्यावरचा पोलीस शिट्ट्या फुंकत, हात हलवत आमच्यापाशी आला. शाबाननं हॉर्न वाजवला, आम्ही सगळ्या एकमेकींना ढकलत चढलो. नेरिमानबाई पायरीवर उभ्या राहिल्या, डोक्यांवरून बोट फिरवत मोजलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अठ्ठावीस! पूर्ण. चल, शाबान."

बस निघाली. थोड्या वेळानं मी पुन्हा मागे वळून बिया पुढे केल्या. खिडकीपाशी राखाडी कोट दिसला. मला वाटलं, डोकं टेकून झोपली आहे. मी हात परत घेतला.

ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा आमच्या जागी एक पिवळी बस उभी होती. ती त्या बसच्या पुढे जाऊन बघून आली, मागे जाऊन बघून आली. बॅग, फोन, कोट, सगळं आमच्या बसमध्ये. अंगावर ब्लाऊज, स्कर्ट, डोक्याला रुमाल, पायात नुसते बूट आणि हातात मोजे.

तिला भीती वाटली नाही, म्हणाली. मोजतील, एक कमी भरेल, परत येतील. वळून यायला जरा लांब जावं लागत असेल. ती कठड्याच्या शेवटी एका दगडावर बसली, येणारी प्रत्येक बस दिसेल अशी.

तिथे एक म्हातारा हातगाडीवर उकडलेली कणसं विकतो. त्याचं नाव बेकिर. तो तिच्याकडे बराच वेळ बघत होता.

"ताई, कोणाची वाट बघताय?"

"बसची."

"कोणत्या बसची?"

"आमच्या."

"इथून दिवसात पन्नास बसा जातात. प्रत्येकीत बसणारा तिला आमचीच म्हणतो."

"पांढरी आहे. बायकांची सहल आहे."

"तुम्हाला टाकून गेल्या?"

"टाकून नाही. चुकून. आता मोजतील की येतील."

बेकिरनं मान डोलवली आणि गिऱ्हाईकाकडे वळला. अर्धा तास गेला. ऊन डोक्यावर आलं. त्यानं आपली छत्री थोडी तिच्या बाजूला कलती केली. आणखी अर्धा तास गेला. तीन पांढऱ्या बसा येऊन गेल्या. प्रत्येक वेळी ती उभी राहिली.

"अजून मोजतायत वाटतं," बेकिर म्हणाला.

दुर्दानेला हसू आलं. "शिक्षिका आहेत आमच्या बाई. नीट मोजतात."

"मग तर अवघडच आहे," तो म्हणाला आणि एक कणीस पानात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "खा. आणि हा फोन घ्या. लावा कोणाला तरी."

ती फोन हातात धरून बसली.

"काय झालं?"

"नंबर पाठ नाहीत. सगळे माझ्या फोनमध्ये आहेत."

"मुलाचा तरी असेल पाठ?"

"मुलगा नाही."

"मालकांचा?"

"तेही नाहीत."

"मग पाठ काय आहे तुम्हाला, ताई?"

"घरचा."

"मग घरी लावा की!"

तिनं लावला. का लावला ते तिला आजही सांगता येत नाही. बहुधा तो माणूस एवढ्या आपुलकीनं बघत होता म्हणून. एल्मालीच्या त्या घरात अजून जुना तारेचा फोन आहे, आईच्या पलंगाशेजारच्या तिवईवर. आई आजारी होती तेव्हा दुर्दाने कामावरून दुपारी एकदा फोन करायची. म्हातारी कण्हत उचलायची आणि "जेवलीस का" विचारायची. आई गेल्यावर तो फोन बंद करायचं राहूनच गेलं होतं.

रिंग वाजत राहिली. ती कानाला लावून ऐकत राहिली. पडदा ओढलेला आहे, गादी गुंडाळलेली आहे, तिवईवर औषधांच्या बाटल्यांचे गोल डाग आहेत, आणि त्या खोलीत आत्ता घंटी वाजते आहे, हे सगळं तिला दिसत होतं. शेवटी लाइन आपली आपण तुटली.

"उचलला नाही?" बेकिरनं विचारलं.

"नाही."

"बाहेर गेले असतील."

"हो," ती म्हणाली. "बाहेर गेलेत."

तोपर्यंत दोन वाजून गेले होते. बेकिर म्हणाला, पोलिसाला सांगू या. ती नको म्हणाली. गल्लीभर होईल, बाईंना खाली बघावं लागेल. मग त्यानं विचारलं की जेवण कुठे ठरलं होतं. काल्कान, ती म्हणाली. त्यानं कपाळाला हात लावला. "अहो, काल्कान इथून पंधरा मिनिटांवर! आधी नाही का सांगायचं! आणि जेवण झाल्यावर त्या वरच्या रस्त्यानं जाणार असतील तर इथे परत येणारच नाहीत. रात्रीपर्यंत बसला असता माझ्या छत्रीखाली."

तिकडे जाणारी मिनीबस त्यानं हात आडवा करून थांबवली, ड्रायव्हरला दोन शब्द सांगितले आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. ती आभार मानायला लागली तर म्हणाला, "जा, जा. आणि त्या मोजणाऱ्या बाईंना माझा सलाम सांगा."

ती पंधरा मिनिटं तिनं मला सगळ्यात सविस्तर सांगितली. पुढची काच मोठी होती आणि मधे काहीच नव्हतं. रस्ता वळला की समोर एकदम फक्त पाणी यायचं, जणू आता गाडी त्यात शिरणार, आणि मग रस्ता पुन्हा पायाखाली यायचा. खाली एक लहान होडी चालली होती, तिच्यामागे पांढरी रेघ लांबत होती. ड्रायव्हर तरणा होता, गाणं गुणगुणत होता. त्यानं तिला काही विचारलं नाही. तिला वाटत होतं, हे कोणाला तरी दाखवावं. सकाळपासून तेच वाटत होतं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की ही गाडी काल्कानला पोचूच नये.

आता आमच्याकडची गोष्ट. काल्कानला उतरल्यावर बाईंनी बाजारासाठी तास दिला होता. सगळ्या गल्ल्याबोळांत पांगल्या. कोण कुठे आहे कोणाला ठाऊक. मग बंदरावरच्या हॉटेलच्या गच्चीवर जमलो. बाईंनी आठवडाभर आधी फोन करून अठ्ठावीस खुर्च्यांचं लांब टेबल लावून ठेवलं होतं. आम्ही बसलो, एकही खुर्ची रिकामी राहिली नाही. मासे आले. मासे अळणी होते, आणि मिठाच्या पुड्या दुर्दानेच्या बॅगेत होत्या, कारण मीठ आणायचं काम तिला दिलेलं. "दुर्दाने, मीठ दे ग," असं कोणीतरी टेबलाच्या त्या टोकाला म्हणालं, आणि या टोकाच्या कोणीतरी वेटरकडून मीठदाणी घेऊन पुढे सरकवली. झालं. तेवढ्यावर ते मिटलं.

मी माशाचे काटे काढत होते तेव्हा जिन्याच्या तोंडाशी ती येऊन उभी राहिली. नाक उन्हानं लाल झालेलं, स्कर्टचा काठ ओला.

वेटर पुढे गेला. "या मावशी. किती जण आहात?"

ती आमच्याकडे बघत राहिली.

नेरिमानबाईंचं लक्ष गेलं. "अगं दुर्दाने, उभी का? मासा गार होतोय. बस ना!" आणि त्या तिची खुर्ची शोधायला लागल्या. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग वेटरला म्हणाल्या, "तुम्ही एक खुर्ची कमी लावलीत."

"नाही बाई. तुम्ही अठ्ठावीस सांगितल्या होत्या. अठ्ठावीसच आहेत."

"मग ही कशी उभी?"

"ते मी कसं सांगू?"

बाई उठल्या आणि बोट फिरवत मोजायला लागल्या. सेविलायपाशी आल्यावर त्यांचं बोट हवेत थांबलं. मी तो चेहरा कधी विसरणार नाही. शाळेत आम्ही एवढ्या घाबरायचो त्यांना; त्यांची धाकटी बहीण माझ्याच वर्गात होती. पण तेव्हा त्यांचं वय एकदम दिसलं.

"तुम्ही मला कापुताशला विसरून आलात," दुर्दाने म्हणाली. आवाज चढवला नाही.

कोणीतरी "या अल्ला" म्हणालं. मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. सत्तावीस बायका एकदम उठल्या. खुर्च्या पडल्या. जी ती तिला मिठी मारायला धावली. माझी जाऊ हुंदके देऊन रडायला लागली, जशी काही तीच किनाऱ्यावर राहिली होती. कोणी पाणी आणलं, कोणी कोलोन तिच्या मनगटावर चोळलं. सेविलाय "माझ्यामुळे झालं, मावशी, माझ्यामुळे" म्हणत होती. "मी तर म्हणत होतेच की कोणीतरी कमी वाटतंय," असं तिघी-चौघी म्हणाल्या. कोणीही म्हटलेलं नव्हतं.

दुर्दाने त्या सगळ्यांच्या मधे हात लोंबकळत ठेवून उभी होती. तिला कोणी इतकं कधी कवटाळलं नसेल. आणि तिचा चेहरा असा होता, जसा काही गर्दीत कोणाचा तरी धक्का लागतोय आणि ती वाट मिळेपर्यंत थांबली आहे.

"मी मोजलं होतं," नेरिमानबाई म्हणत होत्या. "चौतीस वर्षांत एक मुलगी हरवली नाही माझी. मी मोजलं होतं ग."

"बरोबरच मोजलंत, बाई," दुर्दाने म्हणाली. "आकडा बरोबर होता."

ती टोमणा मारत नव्हती. तिनं खरंच बाईंची समजूत घालायला म्हटलं. पण बाई खाली बसल्या आणि त्यानंतर घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

एकोणतिसावी खुर्ची आली. तिच्यापुढे तीन जणींनी आपापला मासा ठेवला. तिनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, "छान आहे. जरा मीठ कमी आहे." मग स्वतःच हसली. बाकी कोणाला हसायचं धाडस झालं नाही.

परतीच्या वेळी बसमध्ये वेगळाच तमाशा. जिला तिला दुर्दानेशेजारी बसायचं होतं. शाबाननं बंब सोडून खालच्या डिकीत टाकला. शेवटी मी जावेला सांगितलं, तू सेविलायला घेऊन बस, आणि मी मागे गेले. राखाडी कोट अजून खुंटीला होता. मी तो बघितला आणि मला बसवेना.

बस काल्कानवरून डोंगरातल्या बेझिरगान गावाकडे चढायला लागली. समुद्र खाली खाली गेला, एका वळणावर शेवटचा दिसला आणि संपला. गाणी कोणी म्हटली नाहीत.

"दुर्दाने," मी म्हणाले, "मी मागे वळले होते. बिया द्यायला. मला तुझा कोट दिसला."

"बरं मग?"

"मला वाटलं तू झोपलीस."

तिनं कोटाकडे बघितलं. "आहे खरा माझ्यासारखा," ती म्हणाली.

मग तिनं मला बेकिरचं सांगितलं, कणसाचं आणि फोनचं. फोनचं सांगताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी विचारलं, "घरी कशाला लावलास ग? घरी कोण आहे?"

"तेच तर. माझ्या लक्षात नाही का, कोणी नाही ते? पण लावल्यावर वाटलं, वाजू दे थोडा वेळ."

मी टपाल कचेरीत आयुष्य काढलं. खिडकीपलीकडच्या माणसाशी पटकन काहीतरी बोलायची मला सवय. पण तेव्हा मी पर्समधून कागद काढला, माझा घरचा नंबर लिहिला, मोठ्या अक्षरात, आणि तिला दिला. "हा पाठ कर."

तिनं कागदाची घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. "करते," म्हणाली.

एल्मालीला पोचलो तेव्हा डोंगरावर अजून ऊन होतं. तिच्या घरापाशी बस थांबली. सगळ्या खिडक्यांतून हात हलले, "काळजी घे ग", "उद्या येते ग", "शुभरात्री ग" असा एकच कालवा झाला. ती कोट हातावर घेऊन फाटकापाशी उभी राहिली, बस वळेपर्यंत. नंतर आत गेली असणार.

दुसऱ्या दिवशी दहाबारा जणी तिच्याकडे जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी तीन-चार. आठवड्यानं सगळं होतं तसं. मी दोनदा गेले. चहा केला तिनं, फुटाणे ठेवले पुढे, माझ्या नातवांची चौकशी केली. बोलण्यासारखं दोघींजवळ फारसं नव्हतं; शाळेपासून एका गल्लीत राहून आमच्यात काहीच घडलेलं नव्हतं, मग आता काय काढायचं? मधल्या खोलीचं दार बंद होतं. माझ्या नंबरावर तिचा फोन कधी आला नाही. मी पण वाट बघायची सोडून दिली, खोटं कशाला बोलू.

नेरिमानबाई मात्र बदलल्या. जूनमध्ये त्या स्वतः तिच्याकडे गेल्या, गुलाबाच्या मुरंब्याची बरणी घेऊन. पुढच्या वर्षीच्या सहलीत तुझं नाव पहिलं लिहिते, म्हणाल्या, आणि आता बोटानं मोजणार नाही, नावं पुकारणार. दुर्दानेनं बरणी घेतली, बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि सहलीचं मात्र हो-नाही काही म्हणाली नाही. खरोखरच पुढच्या वसंतात आम्ही पामुक्कालेला गेलो तेव्हा बाईंनी दर थांब्याला सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचली. सगळ्यांनी "हजर" म्हटलं. दुर्दाने आली नव्हती.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात, सफरचंदं बाजारात यायला लागली होती, तेव्हा सोमवारच्या बाजारात मला ती भेटली. चेहरा रापलेला, बरा दिसत होता.

"कुठे होतीस? शनिवारी तुझ्याकडे डोकावले, कुलूप होतं."

"काशला गेले होते."

"काशला? कोणाबरोबर?"

"सकाळच्या मिनीबसनं. संध्याकाळच्या मिनीबसनं परत."

"एकटीच?"

"हो. दुसऱ्यांदा गेले." ती चण्यांच्या पोत्यात हात घालून चणे चाळत होती, बोटांना सवय आहे निवडायची. "पुढची सीट सांगून ठेवते ड्रायव्हरला. तिथून बरं दिसतं. कापुताशला उतरून बेकिरचं एक कणीस खाते. एकटीनं गेलं की सोपं असतं, शुक्रान. कोणी विसरत नाही."

हे ती अगदी साधेपणानं म्हणाली. मी पाकीट उघडलं, बंद केलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला नेशील? मी बडबड करणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ, म्हणजे बाजारात जेवढा वेळ कोणी कोणाकडे बघत नाही तेवढा. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"बघू," ती म्हणाली. चण्यांची पिशवी उचलली, दुकानदाराला सलाम केला आणि गर्दीतून वाट काढत गेली.